बडोद्यात वनस्पती उद्यान काढायचंय, प्रस्ताव कुणाकडे न्यावा आणि पैसा कुठून आणावा?

तुमच्या मंडळात पंधरा जण आहेत, जमीन नाही, आणि शहरातल्या सगळ्यांसाठी 'उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान' काढायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी वनस्पतीशास्त्राचा माणूस नव्हे. बँकेतून रिटायर झालो आणि नंतर सहा वर्षं एका ट्रस्टच्या तीन एकरांतल्या झाडांचा खजिनदार होतो. तेव्हा माझं उत्तर हिशेबाच्या वहीतूनच येणार.

आधी आमचं काय चुकलं ते सांगतो. पहिल्या वर्षी देणग्या धो धो आल्या. दगडी कमान झाली, तिच्यावर नावं कोरली, उद्घाटनाला फाफडा-जिलेबी झाली. दुसऱ्या मे महिन्यात बोअरची मोटर जळली. माळ्याचा तीन महिन्यांचा पगार थकला होता, तो गावी निघून गेला. दोनशेच्या वर रोपं उभ्याउभ्या वाळली. कमान अजून ठणठणीत आहे.

म्हणून प्रस्तावात पहिलं पान माळ्याचं ठेवा. समजा तीन माळी, वीज, पाणी, खत आणि किरकोळ दुरुस्ती मिळून महिन्याला 75 हजार लागतात. वर्षाचे झाले 9 लाख. सहा टक्के व्याज धरलं तर त्यासाठी दीड कोटींची कायम ठेव हवी, आणि महागाई धरली तर दोन कोटींच्या खाली भागत नाही. आकडा ऐकून मंडळातले चार जण गळतील. आत्ताच गळलेले बरे.

आता सगळे म्हणतील, सीएसआर (कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा पैसा) आहे ना! आहे. कोयली-नंदेसरीकडे रिफायनरी आहे, केमिकलचे कारखाने आहेत, आणि कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चावे लागतात. पर्यावरण आणि झाडं-प्राणी त्यात बसतात. पण खोच इथे आहे: 2021 पासून ट्रस्टच्या कायम ठेवीत दिलेला पैसा सीएसआर म्हणून धरला जात नाही. म्हणजे कंपनीकडून ठिबक, कुंपण, रोपवाटिकेची शेड, टाकी मागा. ठेव मात्र घराघरांतून जमवावी लागेल. त्यासाठी ट्रस्टची चॅरिटी कमिशनरकडे नोंदणी, ट्रस्टच्या करमाफीचं 12एबी (जुनं 12ए), देणगीदाराला करसवलत देणारं 80जी आणि कंपन्यांचा पैसा घेण्यासाठी नोंदणीचा फॉर्म सीएसआर-1 ही कागदपत्रं आधी तयार ठेवा. आमच्याकडे 80जी नव्हतं तेव्हा दांडिया बाजारातले काकासुद्धा पाचशेच्या वर जात नसत. मिळाल्यावर त्याच काकांनी आईच्या नावाने पन्नास हजार ठेवले.

जमीन विकत घेण्याच्या फंदात पडू नका. गुजरातमध्ये शेतजमीन खातेदार शेतकऱ्यालाच घेता येते, ट्रस्टला कलेक्टरची परवानगी लागते, पुढे एन.ए.ची (बिगरशेती परवानगीची) फाईल वेगळी. त्यापेक्षा टी.पी. स्कीममध्ये (नगररचना योजनेत) बागेसाठी राखलेले प्लॉट बघा आणि महापालिकेकडे लांब मुदतीच्या देखभाल कराराचा प्रस्ताव द्या. मालकी त्यांची, मेहनत तुमची. यात कमीपणा काही नाही. अमेरिकेत मायामीजवळचं फेअरचाइल्ड वनस्पती उद्यान 1938 मध्ये उघडलं. रॉबर्ट माँटगोमेरी या हिशेबनीसाने (आमचाच जातभाई!) जागा घेतली आणि पुढे तिचा मोठा भाग काउंटीच्या (तिथल्या जिल्हा सरकारच्या) नावे करून दिला. प्लॉट मात्र विश्वामित्री नदीच्या खोलगटात नको. 2024 च्या ऑगस्टमधला पूर आठवत असेलच, आणि पुराबरोबर मगरी येतात त्या वेगळ्या.

'उष्णकटिबंधीय' या शब्दावर तुमचं नि माझं जमणार नाही, असं वाटतं. बडोदा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे इथे मुळातच उष्णकटिबंध आहे, पण कोरडा. पाऊस चार महिने, मग काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. यात ऑर्किड आणि रबराची झाडं लावायची तर काचघर, फवारे आणि विजेचं बिल आलं. केरळात पालोडला 1979 पासून तसं उद्यान आहे, तिथली हवाच तशी आहे. आपण जांबुघोडा-पावागढच्या रानातली झाडं लावावीत: मोह, पळस, टेंभुर्णी, सालई, कांडोळ, हेदू. शिवाय गोरखचिंच, जिची गणपतपुऱ्यातली म्हातारी तुम्ही पाहिली असेल. मूळची आफ्रिकेची, पण इथे चांगली रुळली आहे.

आणि बगीचा वेगळा, वनस्पती उद्यान वेगळं. आपली कमाटी बाग (सयाजी बाग) 1879 ची, सुंदरच आहे. पण वनस्पती उद्यानात प्रत्येक झाडाला नंबर लागतो आणि वहीत नोंद लागते: बी कुठल्या रानातून, कुणी, कोणत्या तारखेला आणलं, कधी रुजलं, कधी मेलं. मेलेल्याचीही नोंद ठेवायची. सयाजीराव महाराजांनी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात काम केलेला क्रुंबिगेल हा जर्मन माळी इथे बागांसाठी आणला होता, तोच पुढे बंगळूरच्या लालबागेत गेला. तुम्हाला जर्मन माणूस परवडणार नाही, पण विद्यापीठाच्या बॉटनी विभागातले एखादे निवृत्त सर नावं तपासून द्यायला चहावर तयार होतात. प्रस्तावावर त्यांची सही घ्या, साहेबलोक आमच्यासारख्यांच्या सहीपेक्षा ती आधी वाचतात.

प्रस्ताव चार पानांचा पुरे: खर्च आणि ठेव, पाण्याचा उगम, झाडांची यादी, आणि करार मोडला तर झाडं कुणाची. हे शेवटचं सगळे विसरतात, आम्हीही विसरलो होतो. नकाशा रंगीत नसला तरी चालेल.

प्लॉट पसंत करण्याआधी मेच्या दुपारी दोनला तिथे जाऊन या आणि शेजारच्या सोसायटीला बोअर किती फुटांवर लागलं ते विचारा. टी.पी. स्कीमचा आणि तिच्यातल्या फायनल प्लॉटचा नंबर मिळाला की इथेच लिहा, करारात कोणत्या अटी घालायच्या ते पुढे सांगतो.