घुबडाची नक्कल झाली, नोटीस मात्र मलाच आली

प्रश्न : मी जुन्या साड्यांच्या तुकड्यांतून कापडी घुबडं शिवते आणि हस्तकला प्रदर्शनांत स्टॉल लावून विकते. दोन वर्षांत दोनशेच्या आसपास गेली असतील. गेल्या वर्षी एका बाईंनी माझ्याकडून दोन घुबडं विकत घेतली. यंदा माझ्यापासून चार स्टॉल सोडून त्यांचाच स्टॉल, आणि टेबलावर हुबेहूब माझी घुबडं. एक डोळा बटणाचा, एक टाक्यांचा, तेही तसंच. गळ्यातलं कार्डसुद्धा शब्दन् शब्द माझं. संतापाच्या भरात मी स्टॉलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो टाकून लिहिलं, ‘ही बाई चोर आहे, हिला कुणी स्टॉल देऊ नका.’ आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत लेखी माफी आणि पाच लाख रुपये, नाहीतर बदनामीची केस. चोरी त्यांची आणि माफी मी मागायची? मला अटक होईल का?

उत्तर : ताई, झोप उडवणारा प्रश्न आधी घेते. या नोटिशीमुळे अटक होत नाही. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे (1 जुलै 2024 पूर्वी तोच भारतीय दंड संहितेत कलम 499 आणि 500 म्हणून होता). तो अदखलपात्र आहे. पोलीस परस्पर तुमच्या दारात येऊ शकत नाहीत. त्या बाईंना स्वतः मॅजिस्ट्रेटसमोर तक्रार द्यावी लागेल, आणि नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. शिवाय नोटीस म्हणजे समन्स नव्हे. चेक न वटल्याच्या प्रकरणात पंधरा दिवसांची मुदत कायद्याने घातलेली असते, इथले पंधरा दिवस त्यांच्या वकिलाने घातले आहेत. तरीही उत्तर द्याच. गप्प बसलात तर पुढे ‘यांना काही म्हणायचंच नव्हतं’ असा अर्थ काढायला मोकळीक मिळते.

आता कडू भाग. तुमचा राग रास्त आहे, तुमचा शब्द चुकला आहे. कायद्यात चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय अप्रामाणिक हेतूने हलवणं. त्या बाईंनी घुबडं पैसे मोजून नेली. बदनामीच्या फौजदारी केसमध्ये ‘मी खरं तेच बोलले आणि ते लोकहितासाठी होतं’ हा बचाव आहे, पण ‘चोर’ हा शब्द तुम्ही खरा करून दाखवू शकणार नाही. ‘माझ्या वस्तूची नक्कल केली’ एवढंच लिहिलं असतंत तर मी आज निर्धास्त असते. आपल्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान हाही एक अपवाद आहे, आणि ग्रुप फक्त स्टॉलवाल्यांचा असल्याने तो मांडता येईल. पण फोटो आणि ‘स्टॉल देऊ नका’ हे वाचून न्यायाधीशांना सद्भावना कितपत दिसेल, याचा विचार तुम्हीच करा. पाच लाखांचा आकडा मात्र मनावर घेऊ नका. नोटिशीतले आकडे बहुतेकदा हवेत काढलेले असतात. एवढी मोठी भरपाई मागायची तर नुकसान किती झालं ते दाखवावं लागतं.

घुबडाचं काय? इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते तेवढी भक्कम नाही. कॉपीराइट कायदा, 1957 मधल्या कलम 15(2) नुसार, डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगं डिझाइन तुम्ही नोंदवलं नाहीत आणि त्याच्या पन्नासपेक्षा जास्त प्रती औद्योगिक प्रक्रियेने काढल्यात, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. तुम्ही म्हणाल, औद्योगिक कसली, मी तर हाताने शिवते! ही पळवाट मलाही आवडली असती. पण डिझाइन कायदा, 2000 मधली डिझाइनची व्याख्या औद्योगिक प्रक्रियेत हाताने केलेलं कामही धरते. कॉपीराइट कायद्यात ‘हाताने’ हा शब्द नाही, म्हणून वाद घालायला जागा आहे. त्या जागेवर घर बांधायचा सल्ला मी देणार नाही.

पन्नासचा हा आकडा किती निर्णायक ठरतो याची दोन उदाहरणं दिल्ली उच्च न्यायालयात सापडतात. फॅशन डिझायनर तरुण ताहिलियानी यांच्या कंपनीच्या कपड्यांच्या प्रती पन्नासच्या आत होत्या, म्हणून 2008 मध्ये त्यांना संरक्षण मिळालं. दुसऱ्या डिझायनर रितू कुमार यांच्या ‘रितिका’ कंपनीने ‘बिबा’ या कपड्यांच्या कंपनीविरुद्ध दावा लावला होता. तिथे प्रती पन्नासच्या वर गेलेल्या, डिझाइन नोंदवलेलं नाही. 2016 मध्ये दावा फेटाळला गेला. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर निकाल दिला आहे. वाद होता गॅस वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांचा, पण त्याच कसोटीवर उद्या तुमचं घुबडही तपासलं जाईल : ही निव्वळ कलाकृती आहे, की एखाद्या कलाकृतीतून निघून वस्तूवर उतरवलेलं डिझाइन? प्रत्येक घुबडाचं कापड वेगळं, म्हणून प्रत्येक स्वतंत्र कलाकृती, असं मी तुमच्या वतीने म्हणेन. पण दोनशे घुबडं एकाच कागदी नमुन्यावर बेतलेली आहेत ना? उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येईल.

आता ते कार्ड. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही फोटोंकडे मी बराच वेळ पाहत होते. तुमच्या कार्डावर चार ओळी आहेत, ‘आजीच्या जून्या साडीतून जन्मलेलं हे घुबड रात्रभर जागं राहतं, तुम्ही निवांत झोपा’ अशी त्यांची सुरुवात. ‘जुन्या’तला जु तुम्ही चुकून दीर्घ लिहिलाय. त्यांच्या कार्डावरही तो दीर्घच आहे! योगायोगाने दोघींना एकच ओळ सुचली असं सांगता येईल. दोघींची ऱ्हस्व-दीर्घाची चूकही एकच, हे सांगणं जड जातं. तुमचं व्याकरण कच्चं आहे याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

हा मजकूर साहित्यकृती आहे. त्याला पन्नास प्रतींची अट लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, आणि हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. दोन शब्दांचं घोषवाक्य असतं तर मी एवढ्या खात्रीने बोलले नसते. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात लावता येतो, त्यांच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. म्हणून भांडायचं तर कार्डावर भांडा, घुबड मागे ठेवा. घुबडावरून ‘कोर्टात खेचीन’ अशी पोकळ धमकी दिलीत तर कॉपीराइट कायद्याचं कलम 60 उलट त्यांच्याच कामी येईल. निराधार धमक्यांविरुद्ध दाद मागायची सोय त्यात आहे.

उत्तर वकिलाकरवीच द्या, पण सूर असा असू द्या : ‘माझ्या अशिलांनी वापरलेला एक शब्द आवेशात गेला, तो त्या मागे घेत आहेत. मात्र त्यांच्या कार्डावरचा मजकूर तुमच्या अशिलांनी विनापरवाना जसाच्या तसा वापरला आहे. तो वापर ताबडतोब थांबवावा. पैशांची मागणी अमान्य. सर्व हक्क राखून.’ शब्द मागे घेणं वेगळं आणि बदनामी केल्याची कबुली देणं वेगळं, त्यामुळे ‘मी बदनामी केली’ असं कुठेही येता कामा नये. बहुतेक प्रकरणं इथेच थंडावतात, कारण कार्डाचा उल्लेख वाचून समोरचा वकीलही आपल्या अशिलाला दोन प्रश्न विचारतो.

ग्रुपवरची पोस्ट काढा, पण आधी तारीख-वेळ दिसेल असे तिचे स्क्रीनशॉट घ्या. फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका. मोबाइलमधला पुरावा द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. कार्ड छापून घेतल्याचं बिल शोधा. त्यावरची तारीख त्यांच्या स्टॉलच्या आधीची आहे, हे आपल्याला दाखवायचं आहे. त्यांचं एक घुबड कुणाकरवी विकत घ्या, पावतीसकट. स्वतः जाऊ नका, तिथे पुन्हा तोंड सुटेल.

पुढचा प्राणी सुचला असेल तर एक करा : प्रदर्शनात मांडण्याआधी, इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी डिझाइनचा अर्ज भरा. व्यक्तीसाठी शुल्क 1,000 रुपये, संरक्षण 10 वर्षं, पुढे आणखी 5 वाढवता येतात. एकदा जाहीरपणे दाखवलेलं डिझाइन कायद्याच्या दृष्टीने नवं राहत नाही. प्रदर्शनांसाठी सहा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आणि आगाऊ सूचना देणाऱ्यालाच. आपली रविवारची प्रदर्शनं त्यात बसत नाहीत. त्यामुळे दोनशे घुबडांसाठी ही वेळ निघून गेली आहे.

नोटिशीचं पाकीट फेकलं नसेल अशी आशा आहे. ते कोणत्या तारखेला हाती पडलं ते त्याच्यावरच पेनाने लिहून ठेवा आणि वकिलाकडे जाताना दोन्ही कार्डं सोबत न्या.