गुराब म्हणजे कावळा

एका वाचकाने विचारलंय: "गुराब हा शब्द इंग्रजी 'ग्रॅब'वरून आला, असं किल्ला बघताना सांगितलं गेलं. खरं का? गुराब आणि गलबत एकच का? आणि तो गुराब की ती?"

साफ खोटं. गुराब म्हणजे मराठ्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज. मराठे शत्रूची जहाजं 'ग्रॅब' करायचे म्हणून ती ग्रॅब आणि तिचीच पुढे गुराब झाली, ही कथा मी विजयदुर्गावर ऐकली, अलिबागच्या किनाऱ्यावर ऐकली, आणि आता मोबाइलवर तर रोजच कुणीतरी ऐकवतं. यात बापाला मुलाच्या पोटी जन्माला घातलाय. मूळ शब्द गुराब. त्यातला 'उ' इंग्रज खलाशांच्या तोंडी गळाला आणि ग्रॅब उरलं. पकडण्याचं 'ग्रॅब' हे डच-जर्मन घराण्यातलं वेगळंच क्रियापद, त्याचा जहाजाशी संबंध नाही. शिवाय मुंबईचे इंग्रज स्वतःच्या ताफ्यातल्या असल्या जहाजांनाही ग्रॅबच म्हणत. 18 ऑक्टोबर 1679 ला खांदेरीच्या लढाईत शिवाजी महाराजांचा आरमारप्रमुख दौलतखान याच्या आरमारापुढे निशाण उतरवून जी ग्रॅब आपल्या हाती लागली, ती इंग्रजांचीच होती.

गुराब आली अरबीतून. अरबीत 'ग़ुराब' म्हणजे कावळा! त्यातला घशातला ग़ मराठीने आपला साधा ग करून घेतला, जसा गरीब, गुलाम, बाग यांत केला. अरब लोक भूमध्य समुद्रातल्या लांबट, वल्ह्यांच्या लढाऊ नौकेला ग़ुराब म्हणत. तेच नाव दर्यामार्गे कोकणात उतरलं.

कावळाच का? माझं उत्तर एका शब्दात: चोच. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातला इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या गुराबांचं बारकाईने वर्णन केलंय. अंग रुंद, पाण्यात फार खोल न जाणारं, दोन डोलकाठ्या, मोठीला तीन. मधून पुढे निमुळती होत जाणारी, आणि पुढे चोचीसारखी आलेली नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. समोरून लाट आली की गुराब जोरात डुबकी मारायची. म्हणून त्या चोचीवरच्या फळ्यांना कठडाच नसे, आलेलं पाणी अडल्याशिवाय वाहून जावं. चोचीच्या मागच्या भिंतीत भोकं पाडून दोन तोफा ठेवलेल्या, त्या चोचीवरून गोळे टाकत. शत्रूच्या पाठीमागे यायचं, त्याच्या तिन्ही डोलकाठ्या एकदम नजरेत येईपर्यंत थांबायचं आणि मग तोफ डागायची. एक नाही तर दुसरी काठी लागणारच. हे वाचल्यावर 'चोच' सोडून दुसरं काही सुचतच नाही.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. आपल्या नौदलात आज 'कॉर्व्हेट' जातीची जहाजं आहेत. बहुतेक युरोपीय कोश हा शब्द टोपलीच्या अर्थाच्या शब्दाशी नेऊन जोडतात: लॅटिन 'कॉर्बिता', म्हणजे धान्य वाहणारं सुस्त, पोटाळ मालवाहू जहाज. चपळ लढाऊ जहाजाला असल्या भाराच्या जहाजाचं नाव? मला हे मुळीच पटत नाही. सिसिलीतल्या मुस्लिम राजवटीचा इतिहास लिहिणारे मिकेले अमारी यांनी वेगळी वाट सुचवली होती: इटालियनमध्ये कावळा म्हणजे 'कोर्वो', आणि कॉर्व्हेट हे अरबी ग़ुराबचंच भाषांतर असावं. कोशकार याला भाव देत नाहीत. मी देतो. भूमध्य समुद्रात अरब आणि इटालियन खलाशी शतकानुशतकं एकाच पाण्यात वावरले, लढले, एकमेकांची जहाजं पळवली. तिथे शब्दाचं भाषांतर झालं नसेल, असं म्हणणाऱ्यानेच पुरावा द्यावा. ते खरं असेल तर आंग्र्यांची गुराब आणि नौदलाची कॉर्व्हेट सख्ख्या बहिणी ठरतात.

यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात अमारींचा हा तर्क नोंदलाय, त्याबद्दल त्यांचे आभार. पण गलबताबाबत ते घसरले. गलबत हा शब्द गॅली-गॅलिओट या वल्ह्यांच्या जहाजांच्या युरोपीय कुळातला, इथवर ठीक. पुढे जाऊन इंग्रजी 'जॉली-बोट' (जहाजासोबतची छोटी होडी) ही जवळजवळ नक्कीच आपल्या गलबतापासून जन्मली, असं ते म्हणतात. अहो, इंग्रजीत 'जॉलीवॉट' हा शब्द पंधराव्या शतकाच्या अखेरीस सापडतो! तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी जन्माला यायला शंभरएक वर्षं होती. आपल्या शब्दाचं कौतुक मलाही आवडतं, पण तारखा बघून.

गुराब आणि गलबत एक नव्हेत. गलबत लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून नेत. गुराबांच्या तोफांनी शत्रूच्या डोलकाठ्या पाडल्या आणि तरीही तो शरण आला नाही, तर गलबतांतून माणसं तलवारी घेऊन चहूबाजूंनी एकदम त्याच्या जहाजावर चढत. आज आपण कुठल्याही शिडाच्या होडीला गलबत म्हणून मोकळे होतो, तेव्हा हा फरक पार पुसला जातो.

आणि ती गुराब, स्त्रीलिंगी. अनेकवचन गुराबा. मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य हेच रूप वापरतात: गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, आणि आरमाराच्या एका सुभ्यात, म्हणजे तुकडीत, पाच गुराबा नि पंधरा गलबतं असावीत.