प्रवाळाच्या फांद्यांत घर करणारा पट्टेरी मासा

प्रश्न : आम्ही लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर गेलो होतो. तिथल्या लगूनमध्ये, छातीएवढ्या पाण्यात, फांद्याफांद्यांच्या एका प्रवाळाभोवती बोटाएवढे पंधरा-वीस मासे दिसले. अंग पांढरे आणि त्यावर तीन काळे उभे पट्टे. मी हात पुढे करताच सगळे क्षणात त्या प्रवाळात शिरले. हे मासे कोणते? ते तिथेच कायम राहतात का? मालवणला दिसणारे पट्टेरी मासे हेच का? – एक वाचिका, चिपळूण

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून हा डॅमसेल कुळातला ‘हंबग’ मासा आहे, यात शंका वाटत नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या एका इंग्रजी पेपरमिंटच्या गोळीवरून हे नाव पडले. याची लांबी सहसा आठ-दहा सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. पुस्तकांत तो बहुधा ‘डॅसिलस अरुआनस’ या नावाने सापडेल. मात्र २०१४ मध्ये हिंदी महासागरातला मासा पॅसिफिकमधल्या माशाहून वेगळा मानून त्याला ‘डॅसिलस अबुडाफर’ हे जुने नाव परत देण्यात आले. हे नाव डॅनिश अरबस्तान मोहिमेत तांबड्या समुद्रातले मासे अभ्यासणाऱ्या पीटर फोर्स्कोलने दिलेले. तो १७६३ मध्ये येमेनमध्ये मलेरियाने वारला आणि त्याची टिपणे त्याचा सहप्रवासी कार्स्टन नीबूर याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केली. त्या मोहिमेतून एकटाच जिवंत परतलेला हा नीबूर वाटेत मुंबईत राहिला होता आणि घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे व चित्रे त्याने तेव्हाच केली, हे आपल्या वाचकांना सांगावेसे वाटते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. लहानपणी एकदा प्रवाळाचा एक झुबका निवडला, की हा मासा बहुतेक आयुष्य त्याच्या आसपास काढतो. पोसिलोपोरा, ॲक्रोपोरा यांसारखे दाट फांद्यांचे प्रवाळ त्याला लागतात, कारण मोठा मासा आत शिरू शकणार नाही इतक्याच फटी त्या फांद्यांमध्ये असतात. दिवसा हा कळप प्रवाळाच्या वर, प्रवाहाकडे तोंड करून तरंगतो आणि पाण्याबरोबर वाहत येणारे सूक्ष्म प्राणिप्लवक एकेक करून टिपतो. या कळपात आकारानुसार कडक उतरंड असते. थोरले मासे प्रवाह जिकडून येतो तिकडे पुढे जाऊन चांगला घास मिळवतात, तर धाकट्यांना फांद्यांलगत राहून उरलेले वेचावे लागते. थोरल्यांच्या सततच्या दटावणीमुळे धाकट्यांची वाढही रखडते.

या उतरंडीशी त्यांचे लिंगही जोडलेले आहे. हे मासे सर्वसाधारणपणे आधी मादी म्हणून वाढतात. कळपातला सर्वांत मोठा मासा नर असतो आणि तो नाहीसा झाला, की त्याच्या खालोखालची मादी काही काळात नर बनते. विणीच्या वेळी नर प्रवाळाजवळची एखादी जागा तोंडाने साफ करतो, माद्या तिथे चिकट अंडी घालतात आणि पुढचे दोन-तीन दिवस नरच परांनी वारा घालत त्यांची राखण करतो. अंड्यांतून निघालेली पिले सुमारे तीन आठवडे खुल्या समुद्रात वाहत राहतात आणि मग पुन्हा एखाद्या जिवंत प्रवाळावर उतरतात.

घर देणाऱ्या प्रवाळालाही या भाडेकरूंचा उपयोग होतो. माशांच्या उत्सर्गातला अमोनिया प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या शैवालाला खताप्रमाणे मिळतो. याहून विलक्षण गोष्ट रात्री घडते. अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबल्यामुळे फांद्यांमधल्या साचलेल्या पाण्यातला प्राणवायू झपाट्याने घटतो. तांबड्या समुद्रातल्या ‘डॅसिलस मार्जिनेटस’ या याच्या जवळच्या भाऊबंदाचा अभ्यास झाला तेव्हा असे आढळले, की झोपेतही हे मासे फांद्यांत पर हलवत राहतात आणि त्यामुळे तिथले पाणी खेळते राहून प्रवाळाला प्राणवायू पुरतो.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांभोवती गोळा होणारे पट्टेरी मासे मात्र वेगळे. ते याच कुळातले ‘सार्जंट’ मासे असून त्यांच्या अंगावर तीनऐवजी साधारण पाच पट्टे आणि पुष्कळदा पाठीवर पिवळसर झाक असते. ते एका झुबक्याला बांधलेले नसतात, खडकांवरही निभावून नेतात. मालवणचे प्रवाळ बहुतांशी गोटेवजा आहेत. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात नाजूक फांद्यांच्या प्रवाळांचा निभाव लागणे अवघड असते.

हंबग अशा नाजूक फांद्यांच्या प्रवाळांवरच अवलंबून असतो, म्हणूनच लक्षद्वीपच्या हंबगची मला काळजी वाटते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्यामुळे तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले आणि अशा वेळी फांद्यांचे प्रवाळ सहसा आधी दगावतात. मेलेला सांगाडा काही काळ उभा असतो, म्हणून थोरले मासे तिथे तग धरतात. पण पिले जिवंत प्रवाळच पसंत करतात आणि सांगाडा ढासळला, की थोरल्यांचाही आसरा जातो.

पुन्हा कधी गेलात, तर प्रवाळावर पाय न टेकता दोन हात अंतरावर निश्चल तरंगत राहा. थोड्या वेळात कळप बाहेर येईल. त्यातला सर्वांत मोठा, प्रवाहाकडे सर्वांत पुढे जाणारा आणि इतरांवर धावून जाणारा मासा दिसला, तर तो बहुधा नर समजावा.