जपानच्या जुन्या दरबारात डावा मंत्री मोठा की उजवा? आणि खरी सत्ता पेशव्यांसारखी भलत्याच कोणाच्या हातात होती का?

डावा मोठा. सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसायचा. त्याच्या डाव्या हाताला पूर्व येते, म्हणजे उगवतीची बाजू, आणि मान तिचा. क्योतोचा, म्हणजे जुन्या राजधानीचा, नकाशा उघडून बघा. साक्यो म्हणजे शहराचा ‘डावा’ भाग. तो नकाशावर उजवीकडे दिसतो, कारण डावं-उजवं ठरलं ते सिंहासनावरून.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त मजेशीर आहे, पण त्याआधी पदांची उतरंड थोडक्यात सांगतो. 701 साली ताइहो नावाची कायद्यांची संहिता तयार झाली. नमुना चीनच्या तांग दरबाराचा होता. तिच्यात देवकार्याचं एक खातं आणि राज्यकारभाराचं महामंडळ, दाइजोकान, असे दोन भाग होते. महामंडळाच्या डोक्यावर महामंत्री, म्हणजे दाइजो-दाइजिन. त्याच्या खाली डावा मंत्री सादाइजिन, मग उजवा मंत्री उदाइजिन, मग दाइनागोन नावाचे सल्लागार. चूनागोन आणि सांगी ही त्यांच्याखालची सल्लागारांची पदं नंतर आली. या सगळ्यांच्या हाताखाली आठ खाती होती. महामंत्रिपदाबद्दल कायद्यातच तरतूद होती, की लायक माणूस नसेल तर खुर्ची रिकामी ठेवा. त्यामुळे ती बऱ्याचदा रिकामीच असायची आणि रोजचा कारभार डावा मंत्री हाकायचा.

आता गंमत अशी, की ज्या दोन पदांनी पुढे शतकानुशतकं दरबार चालवला ती या संहितेत नव्हतीच. सम्राट लहान असेल तर त्याच्या नावाने कारभार बघणारा तो सेश्शो. सम्राट मोठा झाल्यावरही त्याच्यासाठी तेच काम करणारा तो काम्पाकु. 858 साली सेइवा नावाचं लहान मूल गादीवर आलं. त्याच्या आईचे वडील फुजिवारा नो योशिफुसा. 866 मध्ये त्यांना रीतसर सेश्शो नेमलं आणि राजघराण्याबाहेरच्या माणसाला हे पद पहिल्यांदा मिळालं. त्यांचा दत्तक मुलगा मोतोत्सुने 887 मध्ये काम्पाकु झाला आणि त्याच वेळी मोठा तमाशा झाला. नेमणुकीला आधी नम्रपणे नकार द्यायची रीत होती, तो त्याने दिला. सम्राट उदाने दुसरं फर्मान पाठवलं, तर त्यात पदाचं नाव जुन्या चिनी ग्रंथातलं, ‘अको’. पंडितांनी मोतोत्सुनेच्या कानात सांगितलं, की हे नाव मानाचं आहे पण त्याला काम काहीच नाही. झालं! मोतोत्सुने घरी बसला आणि कारभार अडला. शेवटी 888 मध्ये खुद्द सम्राटाला फर्मान मागे घ्यावं लागलं.

एवढं वाचून वाटेल, की काम्पाकु हेच सर्वांत ताकदवान पद. माझं मत वेगळं आहे, आणि त्याचं कारण फुजिवारा नो मिचिनागा. या घराण्यातला हा सर्वांत जबरदस्त माणूस, पण तो काम्पाकु कधी झालाच नाही. (त्याच्या रोजनिशीला लोकांनी मागाहून ‘मिदो काम्पाकुकी’ म्हणजे काम्पाकुची नोंदवही असं नाव दिलं, ते चुकीचंच आहे. ती त्याच्या हस्ताक्षरात आजही क्योतोत आहे आणि 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.)

995 साली राजधानीत साथ पसरली आणि मोठमोठे दरबारी पटापट गेले. मिचिनागाचे काम्पाकु असलेले दोन्ही थोरले भाऊ त्याच वर्षी वारले. वारस म्हणून पुतण्या कोरेचिका पुढे होता आणि पदानेही काकापेक्षा वरचा होता. पण सम्राट इचिजोची आई ही मिचिनागाची सख्खी बहीण, आणि तिने मुलापाशी भावाची बाजू लावून धरली. मिचिनागाला मिळालं काय, तर ‘नाइरान’. सम्राटाकडे जाणारा आणि सम्राटाकडून येणारा कागद आधी बघायचा अधिकार. पुढच्या वर्षी तो डावा मंत्री झाला आणि वीस-एक वर्षं त्याच खुर्चीवर राहिला.

का राहिला, हे दरबाराचं काम कसं चालायचं ते पाहिलं की कळतं. मोठ्या प्रश्नांवर वरिष्ठ दरबाऱ्यांची बैठक भरायची, ती सम्राटासमोर नव्हे तर अंगरक्षकांच्या चौकीत. बोलायला सुरुवात सर्वांत कनिष्ठ माणसाने करायची आणि मत वर वर चढत जायचं, म्हणजे धाकट्यांना वरिष्ठांचं तोंड बघून बोलायची सोय नाही. मतदान नसायचं. कोण काय म्हणाला ते एक सांगी लिहून घ्यायचा आणि तो कागद सम्राटाकडे जायचा. या बैठकीचा म्होरक्या सहसा डावा मंत्री. काम्पाकु मात्र तिथे बसत नसे, कारण तो सम्राटाच्या बाजूचा मानला जायचा. म्हणजे मिचिनागा काम्पाकु झाला असता तर बैठक हातची गेली असती. डावा मंत्री अधिक नाइरान या जोडीत बैठकही त्याची आणि तिथून निघालेला कागद सम्राटाआधी बघणाराही तोच. मानाचं पद नाकारून त्याने कामाचं पद धरून ठेवलं.

नेमणुकाही त्याच्या हातून फिरायच्या. 996 च्या सुरुवातीला फुजिवारा नो तामेतोकी नावाच्या विद्वानाला आवाजी या छोट्या प्रांताची सुभेदारी मिळाली होती. थोड्याच दिवसांत ती बदलून त्याला एचिझेन हा बडा प्रांत दिला गेला. हा तामेतोकी म्हणजे मुरासाकी शिकिबूचा बाप, आणि ती पुढे मिचिनागाच्या मुलीच्या पदरी लेखिका म्हणून राहिली.

उलट्या दिशेची नेमणूकही असायची. त्याच वर्षी कोरेचिकाच्या माणसांनी माजी सम्राट काझानवर बाण सोडल्याचं प्रकरण उघड झालं आणि कोरेचिकाची दूर नैर्ऋत्येला क्यूशू बेटावर, दाझाइफूच्या कचेरीत ‘नेमणूक’ झाली. 901 मध्ये उजवा मंत्री सुगावारा नो मिचिझाने यालाही, डावा मंत्री तोकिहिरा वरचढ ठरल्यावर, तिथेच आणि त्याच हुद्द्यावर धाडलं होतं. तो 903 मध्ये तिथेच वारला. कागदावर बदली, प्रत्यक्षात हद्दपारी. सरकारी भाषा तेव्हाही तयारीची होती म्हणायची!

आता पेशव्यांचं. गादी एकाची, कारभार दुसऱ्याचा, इथपर्यंत तुमची तुलना चालते. पण पेशव्यांच्या मागे फौज आणि मुलूख होता. मिचिनागाच्या मागे मुली होत्या. राण्या बाळंतपणाला माहेरी यायच्या, राजपुत्र आजोबांच्या वाड्यात जन्मायचा आणि आजोळीच वाढायचा. 1008 मध्ये थोरल्या शोशीला मुलगा झाला तो मिचिनागाच्याच वाड्यात. मुरासाकीने रोजनिशीत लिहिलंय, की नातवाने अंगरखा भिजवला तर हा माणूस खूश होऊन तो शेगडीवर वाळवत बसला. तो नातू 1016 मध्ये सम्राट झाला आणि आजोबा सेश्शो. वर्षभरातच त्याने ते पद मुलाला देऊन टाकलं. पुढे महामंत्रिपदही घेतलं आणि काही महिन्यांत सोडलं. हुकूम त्यानंतरही त्याचाच चालला.

1018 मध्ये त्याची तिसरी मुलगी सम्राज्ञी झाली. त्या रात्रीच्या मेजवानीत त्याने कविता म्हटली, की हे जग माझंच, पौर्णिमेच्या चंद्रासारखं, कुठे उणं नाही. ती आपल्याला कळली सानेसुके नावाच्या दरबाऱ्यामुळे. हा मिचिनागाला फारसा न वचकणारा माणूस. उत्तरादाखल कविता रच म्हटल्यावर त्याने शिताफीने टाळलं, ‘इतक्या सुंदर कवितेला उत्तर कसलं, सगळे मिळून हीच म्हणू या’ अशा अर्थाचं बोलला आणि घरी जाऊन सगळं टिपून ठेवलं. 1021 मध्ये तो उजवा मंत्री झाला आणि मरेपर्यंत, 1046 पर्यंत, त्याच पदावर होता.

मुलींवर उभ्या असलेल्या सत्तेची अडचण उघड आहे. मिचिनागाचा मुलगा योरिमिचि अर्धशतकाच्या आसपास सेश्शो-काम्पाकु राहिला, पण त्याच्या मुलीला राजपुत्र झाला नाही. 1068 मध्ये फुजिवारा आजोबा नसलेला सम्राट गादीवर आला. मग 1086 मध्ये शिराकावाने गादी सोडून निवृत्त सम्राट म्हणून कारभार हातात घेतला. सम्राटाच्या आईच्या बापाची जागा सम्राटाच्या स्वतःच्या बापाने घेतली, एवढंच. पदं तशीच राहिली, सत्ता दरबाराबाहेर लढवय्यांकडे गेल्यावरही. 1585 मध्ये हिदेयोशीला काम्पाकु व्हायचं होतं. तलवारीच्या जोरावर वर आलेला हा माणूस, पण त्यासाठी त्याला फुजिवारांच्या कोनोए शाखेत दत्तक जावं लागलं.