मुलाच्या मुतखड्यावर शॉक वेव्ह

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. सोनोग्राफीत त्याच्या उजव्या किडनीत 11 मि.मी.चा मुतखडा निघाला. धंतोलीतले डॉक्टर शॉक वेव्हने फोडू म्हणतात, पण पूर्ण भूल द्यावी लागेल. एवढ्याशा पोराच्या किडनीला इजा तर होणार नाही ना? घरचे दूध बंद करा म्हणतात, ते बरोबर आहे का?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, साधारण 20 मि.मी.पर्यंतचे किडनीतले खडे मुलांमध्ये शॉक वेव्हने, म्हणजे शरीराबाहेरून सोडलेल्या जोरदार लहरींनी, फोडता येतात. मुलांची मूत्रनलिका (किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी नळी) आखूड आणि लवचिक असते, त्यामुळे चुरा मोठ्यांपेक्षा सहज उतरतो. मात्र खडा किडनीच्या खालच्या कप्प्यात असेल तर चुरा तिथेच साचतो, आणि सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाचा खडा फुटायला फार चिवट. तेव्हा खडा नेमका कुठे आहे, हे आधी विचारून घ्या.

भूल लागते ती दुखू नये म्हणून आणि त्याहून जास्त मूल हलू नये म्हणून. लहरी एका बिंदूवर एकवटतात. मूल हललं की खडा तिथून सरकतो आणि मार किडनीच्या मांसाला बसतो. लहरींचे ठोके मिनिटाला 60 ते 80 च असावेत, सुरुवात कमी जोराने व्हावी. त्याने किडनी जपली जाते आणि खडाही बारीक फुटतो. लहान मुलाचं फुप्फुस किडनीला अगदी लागून असतं, म्हणून छातीच्या त्या बाजूला फोम किंवा थर्माकोल लावून लहरी अडवतात. हे करणार का, असं बेधडक विचारा. नंतरच्या तपासण्यांत किडनीची वाढ खुंटल्याचं सहसा दिसत नाही.

यूरिन कल्चर, म्हणजे लघवीतल्या जंतूंची तपासणी, मात्र टाळू नका. लघवीत जंतू असताना खडा फोडला तर ते रक्तात पसरू शकतात. रक्त गोठण्याची तपासणीही आधीच हवी, आणि खड्याच्या खाली मूत्रनलिकेत अडथळा नाही याची खात्रीही.

नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, घाबरू नका. पण 101 च्या वर ताप, सारख्या उलट्या, लघवी बंद किंवा कंबरेत असह्य कळ, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. चुरा नलिकेत रांगेने अडकलेला असू शकतो. लघवी स्वच्छ फडक्यातून गाळून घ्या, सापडलेले कण तपासायला द्या. काही आठवड्यांनी सोनोग्राफी होईल. कधी कधी दुसऱ्यांदा फोडावं लागतं.

दूध अजिबात बंद करू नका. ऑक्झलेट हा अन्नातला खडे बनवणारा घटक. जेवणातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं. कॅल्शियम तोडलं तर ऑक्झलेट उलट जास्त शोषलं जातं. कमी करायचं ते मीठ : चिप्स, पापड, लोणचं. दिवसभरात किमान दीड लिटर पाणी, आपल्याकडच्या मे महिन्यात त्याहून बरंच जास्त. लघवी पिवळीधमक दिसली की पाणी कमी पडतंय. लिंबूपाणी, संत्र्याचा रस चांगला, साखर न घालता.

एवढ्या लहान वयात खडा झाला तर कारण शोधायलाच हवं. खडा गेल्यावर 24 तासांच्या लघवीची तपासणी करा, आणि ती घरचं रोजचं जेवण चालू असताना. त्या दिवसापुरतं पथ्य पाळलं तर रिपोर्ट चांगला येईल आणि दोष लपून राहील.