सोलापुरातील लहान कारखान्याने इंजिनिअरिंगचे विद्यार्थी सहा महिन्यांसाठी कामावर घ्यावेत का?

आपला प्रश्न असा आहे की, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आपला ४० माणसांचा टॉवेलचा कारखाना आहे, एका कॉलेजने शेवटच्या सत्रातील दोन विद्यार्थी सहा महिन्यांसाठी घ्याल का अशी विचारणा केली आहे, आणि ‘शिकवण्यात आपला वेळ जाईल व शिकून झाले की मुलगा पुण्याला जाईल’ अशी आपल्याला भीती वाटते. चिंचोळी एमआयडीसीत माझे सीएनसी टर्निंगचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर धातूचे भाग कातण्याचे, वर्कशॉप आहे आणि गेल्या नऊ वर्षांत मी असे अकरा विद्यार्थी घेतले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की भीतीचा दुसरा भाग बहुतांशी खरा आहे. पहिला भाग मात्र विद्यार्थी येण्यापूर्वी आपण त्याच्यासाठी कोणते काम बाजूला काढून ठेवले आहे यावर अवलंबून असतो.

या पद्धतीला परदेशात ‘को-ऑप’ म्हणतात. आपल्या जिल्ह्यात हा शब्द उच्चारला की लोकांना साखर कारखाना नाही तर पतसंस्था आठवते, म्हणून कॉलेजशी बोलताना मी तो वापरत नाही. १९०६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थ्यांवर ही पद्धत सुरू केली. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या होत्या. एक जण आठवडाभर कारखान्यात असे तेव्हा दुसरा वर्गात, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल होत असे, त्यामुळे कारखान्यातील जागा कधी रिकामी पडत नसे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ पासून हेच करते, आता चार-चार महिन्यांच्या पाळ्यांनी, आणि आपल्याकडे पिलानीच्या बिट्स या इंजिनिअरिंग संस्थेत १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ आहे, त्याचा शेवटचा टप्पा साडेपाच महिन्यांचा असतो. या सगळ्यांत मुक्काम महिन्यांचा असतो, यातच मर्म आहे. माझ्या अनुभवात साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत विद्यार्थी आपल्याकडून घेतच असतो आणि त्यानंतर द्यायला लागतो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतील चार आठवड्यांच्या इंटर्नशिपला मी आता सरळ नकार देतो, कारण त्यात मुलाला प्रमाणपत्र मिळते आणि आपल्या हाती काही लागत नाही.

माझा पहिला विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यात निघून गेला आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. आलेल्या मालाची नोंदवही भरणे, चलनांच्या झेरॉक्स काढणे आणि ऑडिटच्या आधी फायली लावणे याखेरीज मी त्याला काही दिले नव्हते. दुसऱ्याच्या वेळी मी उलट टोक गाठले. ऑपरेटर रजेवर होता म्हणून त्या मुलाला संध्याकाळच्या पाळीत मशीनवर एकट्याला उभे केले. त्याने टूल ऑफसेट (हत्याराची जागा मशीनला सांगणारा आकडा) भरताना चिन्ह उलटे दिले आणि टूल थेट नग धरणाऱ्या चकच्या जबड्यावर जाऊन आदळले. इन्सर्ट, होल्डर आणि जबडे गेले, सुदैवाने माणूस वाचला. त्या रात्री मला कळले की विद्यार्थी हा कमी पडणाऱ्या माणसाची जागा भरण्यासाठी नसतो.

तेव्हापासून मी असे काम शोधून ठेवतो जे आपल्याला खरोखर हवे आहे, पण रोजच्या धांदलीत करायला कोणाला सवड होत नाही, आणि जे थांबले तरी त्या दिवशीची डिलिव्हरी अडत नाही. एक उदाहरण सविस्तर देतो. आमचा काँप्रेसर दिवसभर घरघरत असे आणि मी नवा, मोठा घेण्याच्या विचारात होतो. त्या वर्षी आलेल्या मेकॅनिकलच्या विद्यार्थिनीला मी एवढेच सांगितले की हवा कुठे जाते ते शोध. तिने साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून फक्त काँप्रेसर चालू करायला लावला आणि मोबाईलवर वेळ मोजत बसली. हवा वापरणारे कोणीही नसताना काँप्रेसर दीड मिनिट लोडवर जात होता, म्हणजे हवा भरत होता, आणि तीन मिनिटे अनलोड, म्हणजे हवा न भरता, राहत होता. म्हणजे साडेचार मिनिटांतील दीड मिनिट, काँप्रेसरच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा, गळतीतच जात होता. मग साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन ती आमच्या फिटर अण्णांबरोबर एकेक जोड तपासत फिरली आणि जिथे बुडबुडे आले तिथे खडूने आकडा टाकत गेली. सात बार दाबाच्या लाइनला केवळ ३ मिलिमीटरचे भोक असले तरी साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज वाया जाते. दोन पाळ्या धरल्या तर एका भोकाची दिवसाला पन्नासहून अधिक युनिटे होतात. नवा काँप्रेसर मी घेतला नाही. अण्णा पंचवीस वर्षे त्याच लाइनखालून ये-जा करत होते आणि मीही करत होतो, पण तिथे थांबायला आम्हा दोघांना कोणी पगार देत नव्हते.

निवडीच्या वेळी मी गुण फारसे पाहत नाही. एक पितळी बुश (नळीसारखा गोल भाग) आणि व्हर्नियर (बारीक मोजमापाचे साधन) हातात देतो आणि बाहेरचा व्यास मोजायला सांगतो. जो एकदाच मोजून आकडा सांगतो त्याच्यापेक्षा जो बुश थोडा फिरवून पुन्हा मोजतो आणि ‘सर, दोन्हीकडे सारखा येत नाही’ म्हणतो, तो मला हवा असतो. (बुश मुद्दाम लंबगोल झालेला ठेवला आहे.) कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला सप्टेंबरमध्येच सांगून ठेवावे, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की मुले रुजू होतात आणि डिसेंबरात विचारायला गेलो तर चांगली मुले आधीच पुण्याच्या कंपन्यांनी घेतलेली असतात.

कागदपत्रांबाबत एक घोटाळा नेहमी होतो. शिकत असलेला विद्यार्थी आणि पदवीनंतरचा ॲप्रेंटिस या वेगळ्या गोष्टी आहेत. ॲप्रेंटिस १९६१ च्या कायद्याखाली, नोंदणीकृत करारावर येतो. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे, म्हणजे आपल्याला किमान एक घ्यावाच लागेल. पदवीधरासाठी त्या नियमांत किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरले होते आणि केंद्राच्या योजनेत त्याचा निम्मा वाटा सरकार देते. रक्कम सुधारली जाते, त्यामुळे करारापूर्वी ॲप्रेंटिससाठीच्या सरकारी पोर्टलवरील चालू आकडा पाहावा. कॉलेजच्या पत्रावर आलेला विद्यार्थी या करारात आपोआप बसत नाही. त्याच्यासाठी कॉलेजबरोबर लेखी पत्र, अपघात विमा आणि आपल्या बाजूने एका जबाबदार माणसाचे नाव, एवढे मी पहिल्या दिवसाआधी पूर्ण करतो. विद्यावेतन मी दरमहा १०,००० देतो. फुकट राबवलेल्या मुलाला उशिरा का आलास असे विचारण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. रात्रपाळी कोणालाही देत नाही.

आता पुण्याला जाण्याविषयी. अकरांपैकी तिघे पदवीनंतर माझ्याकडे आले, त्यांतील दोघे आजही आहेत. बाकीचे चाकण, हिंजवडी आणि एक जण बंगळूरला गेला. मला यात तोटा दिसत नाही, कारण सहा महिन्यांचे काम सहा महिन्यांत वसूल झालेले असते, आणि ज्यांना ठेवून घेतले त्यांना मी वीस मिनिटांच्या मुलाखतीवर नव्हे तर सहा महिने पाहून घेतले होते. शिवाय चाकणला गेलेल्या एकाने गेल्या वर्षी तिथून आम्हाला एका पार्टची चौकशी पाठवली.

आपल्या कारखान्यात मी असतो तर दोघांना मिळून एकच काम दिले असते: प्रत्येक माग किती वेळा थांबतो आणि का. ताण्याचा (उभा) धागा तुटला, बाण्याचा (आडवा) तुटला, बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) बदलला की कारागीर दुसऱ्या मागावर होता, हे पाळीनिहाय महिनाभर नोंदवू द्या. मागावरच्या मीटरवरून थांबण्याचे खरे कारण कळत नाही. मार्चअखेर तक्ता समोर आला की कोणत्या मागाकडे आणि कोणत्या सुताच्या लॉटकडे आधी पाहायचे ते त्यांनाच विचारा, आणि एप्रिल-मे त्यांना तेवढ्याच मागांवर राहू द्या. मात्र मागावरच्या कारागिराला पहिल्याच दिवशी स्वतः सांगा की ही नोंद त्याची मजुरी कापण्यासाठी नाही. नाहीतर आठवड्याभरात प्रत्येक थांब्यापुढे ‘लाईट गेली’ असेच लिहिलेले मिळेल.