वरात, ऑर्केस्ट्रा आणि जॅझ: एकच मॉड्यूलर ट्रम्पेट पुरेल का?

लग्नसराईत वराती, शनिवारी जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आणि अधूनमधून जॅझ. तीन वाद्यांऐवजी बेल (पुढचा भोंगा), लीडपाइप (फुंकायच्या बाजूची पहिली नळी) आणि ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) बदलता येणारा एकच मॉड्यूलर ट्रम्पेट घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घ्या. फक्त दोन बेलसकट पूर्ण संच घेऊ नका.

माझ्याकडे असा ट्रम्पेट सहा वर्षं आहे, दोन बेल आणि दोन लीडपाइपसह. एकदा सदाशिव पेठेतल्या घरी आमच्या सॅक्सोफोनवाल्याला आतल्या खोलीत पाठ करून बसवलं आणि त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा वाजवल्या. साध्या पितळी बेलच्या जागी गोल्ड ब्रासची लावली (साध्या पितळेत तांबं साधारण ७० टक्के, यात ८५), तर दहापैकी पाचदाच त्याने ओळखलं, म्हणजे निव्वळ अंदाज. माउथपीस (ओठांना लावायचा सुटा भाग) बदलला की मात्र दर वेळी पहिल्या ओळीतच हात वर. वाजवताना मला बेलमधला फरक स्पष्ट जाणवतो, आणि तीन तास वाजवायचं तर ते सुखही महत्त्वाचं. पण वरातीतल्या माणसाला तो ऐकू येत नाही.

म्हणून पहिला पैसा माउथपीसवर. बाख कंपनीच्या माउथपीसच्या क्रमांकात आकडा लहान तितकं तोंड रुंद. अक्षर ए म्हणजे खोल कप (आतली वाटी), ई म्हणजे उथळ. ऑर्केस्ट्राला ३सी छान. वरातीत ताशा आणि जनरेटरच्या वर आवाज काढायचा तर उथळ कप हवा, तो धारदार वाजतो. पण रिम (ओठ टेकतात ती कड) सगळीकडे एकच ठेवा, फक्त खोली बदला. रिम बदलली की ओठ जागा शोधत बसतात आणि वरचे स्वर फाटतात. वॉरबर्टन कंपनीचे माउथपीस दोन तुकड्यांत येतात, कप वेगळा, मागची नळी वेगळी. खरी मॉड्यूलर चैन मला तिथेच वाटते.

मग लीडपाइप. माउथपीसमधून फुंकर सर्वांत आधी इथे जाते, म्हणून हाताखाली वाद्य मोकळं वाटतं की अडतं, ते बरंचसं इथेच ठरतं. जॅझला मला मोकळा आवडतो. वरातीत तोच तिसऱ्या तासाला दम काढतो, तिथे थोडा अडणारा बरा. नवा लावल्यावर माउथपीस किती आत बसतो ते पाहा, एखाद-दोन मिलिमीटरनेही सूर हलतो. नुसता सा काळी पाचला जुळला म्हणून खूश होऊ नका. ट्यूनर समोर ठेवून दोन्ही सप्तकं सावकाश वाजवा.

वॉल्व्हच्या (बोटांनी दाबायच्या दट्ट्यांच्या) खालच्या जड टोप्यांनी स्वर जागेवर घट्ट बसतो म्हणतात. मला थोडं जाणवलं. स्वस्तात मिळाल्या तर घ्या.

संथ गाण्यांतला तो मऊ, गोल आवाज हवा म्हणून दुसरी बेल घेणार असाल, तर थांबा. तो फ्लुगलहॉर्नचा, ट्रम्पेटच्याच जातीच्या दुसऱ्या वाद्याचा, आवाज आहे. त्याची नळी जवळजवळ सगळीकडे रुंदावत जाते, ट्रम्पेटची बरीचशी एकाच रुंदीची असते. बेल बदलून ते अंतर भरत नाही. त्या पैशांत जुना फ्लुगलहॉर्न शोधा, ऑर्केस्ट्रात त्याचं सोनं होईल.

पुण्याच्या पावसाळ्यात ट्रम्पेटचे सांधे महिनाभर तसेच ठेवलेत तर घट्ट बसतात. माझा लीडपाइप एका जुलैत असा अडकला की दुरुस्तीवाल्याकडे न्यावा लागला. आता दर रविवारी सुटा करतो, पुसतो, स्लाइड ग्रीस लावतो. आणि बदलाबदल घरीच करा. कर्वे रस्त्यावर वरात थांबलेली असताना बेलचा स्क्रू माझ्या हातून निसटला होता, मोबाइलच्या उजेडात सापडेपर्यंत तीन गाणी माझ्याशिवाय वाजली. तेव्हापासून दोन जादा स्क्रू केसच्या खणात असतात. घेतानाच मागून घ्या, कारण हे आटे इथल्या दुकानात मिळणाऱ्या स्क्रूंना बसत नाहीत.